गडगडलं की सगळं काढायचं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पुन्हा तेच. क्लायंट बोलत होता, मी ऐकत होते आणि मधेच त्याचं तोंड उघडं राहिलं. स्क्रीनवर तसाच गोठला, दात दाखवत. मी फायबरची वायर काढून सिमचा डोंगल लॅपटॉपला लावेपर्यंत मीटिंग उरकून सगळे निघून गेले होते. ऑफिसातल्या मॅडमची मेल लगेच. ‘वैशाली, हे असं किती दिवस चालणार?’ पुण्यातल्या ऑफिसात नेट गेलं की बिल्डिंगचा माणूस धावत येतो. इथे मी संदेश केबलवाल्याला फोन करते.

संदेश म्हणाला, "ताय, सावर्ड्याकडं खोदकामात लाईन तुटलीय. मी हितं बसून काय करनार?" बरोबर आहे त्याचं. त्याचं नेहमीच बरोबर असतं, म्हणून जास्त डोकं फिरतं. मी कॉलेजात होते तेव्हापासून हा हायवे रुंद होतोय आणि दर वेळी कुणीतरी नव्याने खणतंय.

बाबा दारातून डोकावले. काय झालं म्हणे. काही नाही म्हटलं. मग आदळआपट कशाला करतेस, असं म्हणून पेपर घेऊन पडवीत गेले. मी लॅपटॉप नुसता मिटला होता. जरा जोरात मिटला असेन.

४ ऑक्टोबर, शनिवार

दादाचा फोन, डोंबिवलीहून. त्याला नेटचं सांगितलं ही चूक. "एवढा त्रास आहे तर जा ना परत पुण्याला. बाबांना घेऊन जा. एवढं काय त्यात."

एवढं काय त्यात!

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे पुण्याला येऊन राहिले होते. दिवसभर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभे. जेवायला हाक मारली की दचकायचे. शर्ट अंगावर लोंबायला लागले होते. शेवटी मीच त्यांना घेऊन गावी, भाट्याला, परत आले आणि मीच इथे राहिले. दादाला हे सगळं माहीत आहे. माहीत असून बोलतो. फोन ठेवल्यावर त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

निखिलशी बोलले. टीममध्ये माणसासारखा बोलणारा तो एकच. त्याने विचारलं, घरात जुना कॉम्प्युटर आहे का? आहे. बाबा निवृत्तांच्या संघाची परिपत्रकं टाइप करायचे तो. मग झालं, म्हणाला. राउटरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते पेन ड्राइव्हवर चढवायचं, त्यावरून तो कॉम्प्युटर चालू करायचा. एकीकडून फायबर, दुसरीकडून सिमचा डोंगल. एक पडलं की तो खोका आपोआप दुसऱ्यावर उडी मारतो. मला वायर काढा-घाला करायला नको, क्लायंटला कळणारही नाही.

ऐकायला फार सोपं वाटलं. निखिलचं सगळंच ऐकायला सोपं असतं.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी शहरात, मारुती मंदिराच्या बाजारात जाऊन पेन ड्राइव्ह आणि नेटची दुसरी वायर खोचायला एक जादा लॅन कार्ड आणलं. दुकानदार म्हणाला, राउटर पाहिजे तर तयार मिळतो की ताई. मिळतो, पण मला हवा तसा नाही, हे त्याला समजावण्यात माझी रविवारची सकाळ गेली.

दुपारी फाइल उतरवली, पेन ड्राइव्हवर कॉपी केली, जुन्या कॉम्प्युटरला लावली. काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करतेय. निखिलला फोटो पाठवला. म्हणाला, कॉपी नाही करायची गं, ती ‘लिहायची’ असते, त्यासाठी वेगळा प्रोग्राम आहे. हे आधी सांगायला काय झालं होतं?

तो प्रोग्राम घेतला, लिहिली. संपल्या संपल्या लॅपटॉपने विचारलं, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू? मी ‘हो’ दाबलं. दाबता दाबता वाटलं की दाबायला नको होतं. सगळं पुसून कोरं.

परत लिहिली. या वेळी ‘नाही’ दाबलं.

मग जुना कॉम्प्युटर पेन ड्राइव्हकडे ढुंकून बघेना. आतल्या सेटिंगमध्ये जाऊन सांगितलं की आधी पेन ड्राइव्ह बघ. ऐकलं. बंद करून चालू केला तर विसरला. परत सांगितलं, परत विसरला. आतला बटणाएवढा सेल मेलेला, म्हणून वीज गेली की त्याला काही आठवत नाही. भाट्यात रविवारी संध्याकाळी तो सेल कुठे मिळणार? बाबांच्या वजनकाट्यातला काढला. बाबा म्हणाले, "आता माझं वजन कशावर करू?" म्हटलं, नका करू.

६ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमचा फोन. आवाज गोड, म्हणजे काहीतरी वाईट. ऑक्टोबर संपेपर्यंत बघणार आहेत. तोवर नेट व्यवस्थित राहिलं तर घरून कामाचं पत्र, कायमचं. नाही राहिलं तर नोव्हेंबरपासून पुण्याच्या ऑफिसात हजर. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतेय.’ माझ्या भल्याची काळजी घेणारी माणसं फार झाली आहेत.

बाबांना काहीच सांगितलं नाही. सांगितलं तर ‘तू जा, मी राहीन’ म्हणतील. राहतील कसे? मागच्या पावसाळ्यात मोरीत घसरले तेव्हा मी घरात होते म्हणून. नाहीतर दूधवाला यायची वाट बघत पडून राहिले असते.

संध्याकाळी काम संपवून परत खोक्यापुढे. सॉफ्टवेअर चालू होतं पण नेट येईना. फायबरच्या डब्याचा आणि माझ्या नव्या खोक्याचा पत्ता एकच, म्हणून दोघं एकमेकांच्या अंगावर. एका घरात दोन मालक असले की काय होतं ते मला शिकवायला नको. एकाचा पत्ता बदलला. तरी नाही. मग कळलं, दोन वायरी उलट लावल्यात. उलटून लावल्या.

आलं नेट! मी मोठ्याने हसले. बाबा पडवीतून म्हणाले, "अगो, हळू. कोजागिरी हाय, वेड लागलं म्हणतील लोक."

८ ऑक्टोबर, बुधवार

मीटिंग चालू असताना मुद्दाम फायबरची वायर उपटली. क्लायंट बोलतच राहिला. जेमतेम एक शब्द अडखळला त्याचा. मी टेबलाखाली पाय आपटले आनंदाने.

निखिलला सांगितलं. म्हणाला, आता सेटिंगची एक प्रत काढून ठेव, पेन ड्राइव्ह म्हणजे काही खात्रीची वस्तू नाही. काढते म्हटलं. काढली नाही.

बाबांना खोका आवडलेला नाही. गुरगुरतो म्हणतात दिवसभर. त्यांचा कॉम्प्युटर, पण त्याच्यावर आता त्यांना परिपत्रक टाइप करता येत नाही, तेही आहेच. ते नव्हे, ‘हे दिवसरात्र चालूच राहणार?’ असं दोनदा विचारून झालं. होय म्हटलं. चालूच राहणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

राग अजून उतरला नाही.

दुपारी परतीचा पाऊस दाटून आला. मी माझ्या खोलीत, क्लायंटबरोबर, माझीच बोलायची पाळी. लांबून गडगडलं. मला ऐकूही आलं नसेल. आणि स्क्रीन गेली. फायबर नाही, सिम नाही, काहीच नाही.

बाहेर येते तर बाबा घरभर फिरून प्लग काढतायत. फ्रीज, टीव्ही, मिक्सर, मोटर. आणि माझा खोका. नुसता प्लग नाही, डोंगलही, पेन ड्राइव्हही. सगळं काढून खिशात.

हे आईचं होतं. गडगडलं की खोचलेलं सगळं काढायचं, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांच्याही आधी. बाबा तेव्हा तिची थट्टा करायचे. म्हणायचे, वीज काय पत्ता विचारत येते का आपल्या घराचा? आता आई नाही तर हे तिच्यावरताण.

फोनवरून मीटिंगमध्ये परत शिरेपर्यंत मॅडम माझ्या वतीने माफी मागत होत्या. त्यांचा तो आवाज!

पाऊस गेला. बाबांनी सगळं परत लावलं, स्वतः, काळजीपूर्वक. फक्त पेन ड्राइव्ह खोक्याला न लावता टीव्हीच्या मागे लावला. तिथेही तसंच भोक आहे. टीव्हीने इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्यांनी रिमोटवरचं ओके दाबलं. का दाबलं विचारलं तर म्हणाले, ओके दाबल्यावर ते जातं.

गेलंच. सगळं गेलं. टीव्हीने फॉरमॅट केला पेन ड्राइव्ह.

मग मी बोलले. बरंच बोलले. शेवटी मी म्हणाले, "आई गेली. तिच्या सवयी कशाला चालवताय? तिची नक्कल केली म्हणजे ती येणार आहे का परत?"

बाबांनी रिमोट टीव्हीजवळ नेऊन ठेवला आणि आत गेले.

बोलायला नको होतं. माहीत आहे. पण ते नंतर माहीत झालं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटे उठून परत लिहिला पेन ड्राइव्ह. परत सगळी सेटिंग. आता हात बसलाय, भराभर होतं. प्रतही काढली, लॅपटॉपवर एक, निखिलकडे एक.

लिहून झाल्यावर लॅपटॉपने परत तोच प्रश्न विचारला, फॉरमॅट करू? मी रविवारी याच प्रश्नाला हो म्हटलं होतं, आणि मला तर इंग्रजी येतं. हे बाबांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही इतक्यात. राग आहे अजून.

जेवणात बांगडे होते. बाबांनी काटे काढून माझ्या ताटात तुकडा ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. मी बाजूला सारला.

११ ऑक्टोबर, शनिवार

अबोला. घरात दोनच माणसं असली की अबोला फार मोठा होतो.

दादाचा फोन बाबांना. बाबा म्हणाले, सगळं ठीक. मला फोन दिला नाही. बरं केलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मॅडमचं सगळं सांगितलं बाबांना. रागातच सांगितलं, म्हणजे सांगता आलं. या महिन्यात एकदा जरी परत असं झालं तर मला पुण्याला जावं लागणार, आणि तुम्हाला माझ्याबरोबर. चौथ्या मजल्यावर. त्या गॅलरीत.

ते ऐकत होते. मग विचारलं, "म्हणजे त्या खोक्याला हात लावायचा नाय?"

"नाही."

"गडगडलं तरी?"

"गडगडलं तरी. काय वाट्टेल ते झालं तरी. बाकी सगळं काढा हवं तर."

"बरं."

एवढंच. मला वाटलं होतं वाद घालतील. आयुष्यात त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. बंदर खात्यात नोकरी केली ती साहेबांशी भांडूनच. बरं म्हणाले तर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसंच वाटलं, खोटं कशाला लिहू?

१५ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी गडगडलं. बाबा उठले. फ्रीज काढला, टीव्ही काढला, मिक्सर काढला. खोक्याजवळ गेले, उभे राहिले, मग परत खुर्चीत येऊन बसले. मी बघत होते कामातून. खोका चालू राहिला, नेट चालू राहिलं. लाइट गेली नाही.

बघा, काही होत नाही, असं म्हटलं त्यांना. ‘होय’ म्हणाले.

शेजारच्या शैलाकाकूंचं कापलेलं भात भिजलं सगळं. त्या पावसाला शिव्या घालत होत्या. मला बरं वाटलं, दुसरं कुणीतरी चिडलंय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आठवडा पूर्ण, नेट एकदाही पडलं नाही. म्हणजे फायबर रोज पडलं, पण खोक्याने पडू दिलं नाही. मॅडमनी मीटिंगच्या शेवटी ‘गुड’ म्हटलं. एक शब्द. मी त्या एका शब्दावर खूश झाले याचाही नंतर राग आला.

उद्या मारुती मंदिराला जाऊन यूपीएस आणायचा. लाइट गेली तर खोका जातो, ही एकच फट राहिलीय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मी घरी नव्हते.

दुकानात दिवाळीची गर्दी, यूपीएससाठी रांगेत उभी होते. आभाळ भरून आलेलं दिसलं. दुकानातसुद्धा आवाज आला, काचा हलल्या. कुणीतरी म्हणालं, भाट्याकडं वीज पडली. यूपीएस घेतला, रिक्षा केली. फोन लावला तर बाबांचा लागेना.

शेजारच्या आगरातल्या माडावर पडली होती. शेंडा काळा, धूर निघत होता अजून. शैलाकाकू अंगणात उभ्या, मला बघून म्हणाल्या, "तुझे बाबा बरे हायत. आत जा."

घरात जळलेल्या प्लॅस्टिकचा वास. खोका काळा पडलेला मागून. फायबरचा डबा वितळून भिंतीला चिकटला होता. बोर्डाच्या वर भिंत करपली होती. फ्रीज ठीक, टीव्ही ठीक, मिक्सर ठीक. त्यांचे प्लग काढून नीट बाजूला ठेवलेले.

बाबा खोक्यासमोर खुर्चीत. हात मांडीवर. कानात दडा बसला होता त्यांच्या, मला जरा मोठ्याने बोलावं लागलं.

म्हणाले, "मी हात लावला नाय, वैशू. तू सांगितलं होतंस."

तिथेच बसले होते. सगळा वेळ. खोक्यापासून हातभर अंतरावर.

मी त्यांना मिठी वगैरे मारली नाही. ओरडले. सत्तर वर्षं कुणाचं ऐकलं नाहीत आणि आजच ऐकायचं होतं? इतकं वाजत होतं तर अक्कल नको? तिथे बसायचं कशाला, बसायचंच होतं तर माजघरात बसायचं. काय झालं असतं म्हणजे? ओरडता ओरडता घसा बसला. ते शांतपणे ऐकत होते. मग लक्षात आलं की त्यांना अर्धंच ऐकू येत होतं.

मग विचारलं त्यांनी, "आता पुण्याला जावं लागेल का गो?"

१९ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरांनी कान तपासला. पडदा शाबूत आहे, दडा जाईल म्हणाले. मी त्यांना तीनतीनदा विचारलं. शेवटी ते वैतागले.

कुणाचा राग येतोय ते ठरवता येत नाही म्हणून सगळ्यांचाच येतोय. मॅडमचा, निखिलचा (त्याने फोनवर पहिल्यांदा पेन ड्राइव्ह वाचला का विचारलं, बाबांचं नंतर), दादाचा (‘मी म्हटलंच होतं’). माझा. तो सगळ्यात जास्त. एका नोकरीपायी मी त्या माणसाला विजेसमोर बसवलं आणि वर ‘बघा, काही होत नाही’ म्हटलं.

पेन ड्राइव्ह वाचलाय. लॅपटॉपला लावला तर दिवा लागला. सेटिंग आहेत तशी. दोन बोटांएवढी वस्तू वाचली आणि बाकी सगळं गेलं. फेकून द्यावासा वाटला खाडीत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. काल रजा टाकली होती, आज सुट्टी. म्हणजे ऑफिसला अजून काहीच कळलेलं नाही. मी सांगितलंही नाही.

संदेश नवा डबा बसवायला आला, सणाच्या दिवशी. करपलेली भिंत त्याने बोटाने खरवडून बघितली. मग म्हणाला, "ताय, हापिसात एक डबडं पडलंय कॉम्प्युटरचं. चालतं का बगा." तासाभरात स्कूटरवर मधे ठेवून घेऊन आला. मी त्याला गेल्या महिन्यात फोनवर काय काय बोललेय. आभार मानताना जीभ जड झाली. चहा घेऊन गेला.

लॅन कार्डही त्याच्याकडचंच एक घातलं, पेन ड्राइव्ह लावला. पहिल्या फटक्यात चालू झालं. डबडंच ते, पण पेन ड्राइव्हला काय, ज्याला लावाल त्याचा राउटर करतो. वायरी तेवढ्या पुन्हा उलट लावल्या होत्या मी. डोंगल नवा उद्या आणायचा.

बाबा लांबून बघत होते. जवळ आले नाहीत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबांचं काहीतरी झालंय. काल विचारलं, "पंखा लावू का?" आज मिक्सर लावायच्या आधी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे. "तुझं काम चालू हाय, म्हणून विचारलं." त्यांचं स्वतःचं घर. त्यांच्या हाताने जांभ्याचा एक एक चिरा मोजून घेतलेला.

मिक्सर लावा ना हो, असं म्हटलं, तर आवाज चढलेलाच निघाला. ते परत गेले. खोबरं पाट्यावर वाटलं त्यांनी. इतक्या वर्षांत मी त्यांना पाट्याला हात लावलेला पाहिला नव्हता.

मला ते आधीचे बाबा हवेत. सगळं उपटून खिशात टाकणारे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

नेट उत्तम. कामाबद्दल तक्रार नाही. मॅडमची मेल आली, शुक्रवारी दुपारी बोलू, पत्राचं ठरवून टाकू. क्लायंटही असेल, त्याला ‘तुझा सेटअप’ दाखव.

निखिल अभिनंदन म्हणाला. अजून कशाचं?

जेवताना बाबांना म्हटलं, त्या दिवशी आईचं बोलले ते चुकलं माझं. त्यांनी आमटी वाढून घेतली. म्हणाले, "चुकलं काय त्यात. नक्कलच करत होतो मी. ती असताना शिकलो नाय, आता शिकतोय." आणि मग म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे.

मीठ कमी नव्हतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

उद्या. पुण्यातला फ्लॅट अजून सोडलेला नाही मी, हे आज बाबांनी विचारल्यावर लक्षात आलं. कशाला ठेवलाय म्हणाले. चिडूनच म्हटलं, राहू दे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून ऊन. मला वाटलं सुटले.

दुपारी कॉल सुरू झाला आणि समुद्राकडून काळं आलं. इतक्या उशिरा येत नाही खरं तर. मॅडम, क्लायंट, निखिल, आणखी कोणी दोघं. मी खोका दाखवला, पेन ड्राइव्ह दाखवला. क्लायंट म्हणाला, इम्प्रेसिव्ह. मॅडम हसत होत्या. म्हणाल्या, म्हणजे आता काहीही झालं तरी वैशाली ऑनलाइन असणार, बरोबर ना?

तेव्हाच गडगडलं. जवळ.

बाबा आले बाहेरून. फ्रीजपाशी गेले, प्लग काढला. टीव्ही. मिक्सर. आणि मग माझ्या दाराशी येऊन उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे धरून. शाळेत शिक्षा झालेलं पोर उभं राहतं तसे. खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत होते.

ते पाठीमागे धरलेले हात. इतका राग मला या महिन्यात कशाचा आला नव्हता.

मॅडम म्हणत होत्या, वैशाली, बरोबर ना?

मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे गडगडलं की खोचलेलं सगळं काढून ठेवतात. मीपण काढणार आहे आता. पाऊस गेला की येते." मराठीतच म्हटलं. क्लायंटला काय कळलं असेल कोण जाणे. मॅडम म्हणाल्या, आत्ता? आत्ता, क्लायंट समोर असताना? मी म्हटलं, "आत्ता."

त्या पुढे काहीतरी बोलायला लागल्या होत्या. मी उठले. डोंगल काढला, पेन ड्राइव्ह काढला, मेन प्लग काढला. स्क्रीनवर मॅडम तशाच गोठल्या, भुवया वर करून.

बाबा म्हणाले, "अगो, नोकरी?" मी म्हटलं, "तुम्ही आधी आत चला. खिडकीपाशी नको." आणि त्यांचा दंड धरून नेलं, जरा जोरातच. ते हसले. मला हसायला आलं नाही.

माजघरात बसलोय आता दोघं. लिहायला पुरेसा उजेड आहे. दोनदा पडली, एकदा खूप जवळ. बाबा मधेच उठून मोटरचा प्लग राहिला म्हणून बघून आले, मला न विचारता. मग परत बसले आणि मॅडम दिसायला कशा आहेत ते विचारू लागले. सांगितलं. गोड आवाजाच्या बायका तशाच असतात, म्हणाले.

फोनही बंद करून ठेवलाय. मेल आली असेल. पत्राची असेल, पुण्याची असेल. पाऊस कमी झालाय. बाबांनी आत्ता विचारलं, आता लावायचं का? थांबा म्हटलं. अजून गडगडतंय, पावस गावाच्या बाजूला.